वनस्पतिजन्य आहार आणि हृद्रोगाचा मागोवा : तीन रकान्यांची नोंदवही

प्रास्ताविक

हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार हा केवळ शहरी व्याधी राहिलेला नाही, हे गोंदिया जिल्ह्यासारख्या धान पिकविणाऱ्या, वनाच्छादित प्रदेशात चिकित्सा करणाऱ्या वैद्यवर्गाला वेगळे सांगावयास नको. सडक अर्जुनी, कोहमारा, सौंदड या परिसरातील रुग्ण नागपूरला जाऊन अँजिओप्लास्टी करून येतो, कागदपत्रांची जाड फाईल घेऊन घरी परततो आणि त्यानंतर पथ्याचा विचार सुरू होतो. कोणी मांस-मासळी सोडतो, कोणी माळ घालतो, कोणी कुठेतरी वाचून दूध-तूपही वर्ज्य करतो. तीन-चार महिन्यांत वजन उतरते, दम कमी लागतो. मग रुग्ण वैद्यांना विचारतो, "आता बरे वाटते, तर गोळ्या बंद केल्या तर चालेल का?"

या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला बरे वाटते की नाही यावर अवलंबून नाही. आहार योग्य की अयोग्य याची चर्चा आपल्या सभा-संमेलनांतून पुष्कळ होते. तो आहार चालू असताना व्याधी कोणत्या दिशेने चालला आहे हे कसे ओळखावे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हा दुसरा विषय घेतला आहे. वैद्य आणि औषधालयाचे चालक या दोघांनाही उपयोगी पडेल अशी नोंदीची पद्धत येथे मांडीत आहोत.

आहाराचे स्वरूप आधी निश्चित करावे

'मी शाकाहारी आहे' एवढ्या वाक्यावरून चिकित्सकाला काहीच निश्चित कळत नाही. दूध, दही, ताक, तूप घेणारा शाकाहारी वेगळा आणि केवळ वनस्पतिजन्य अन्नावर राहणारा वेगळा. त्यातही आपल्या धानपट्ट्यातील नेहमीचे ताट पाहावे. सकाळी भात किंवा पोहे, दुपारी भात, रात्री भात, सोबत पातळ वरण, थोडी भाजी, गोड चहा. यातून मासळी काढली की ताट 'वनस्पतिजन्य' होते खरे, परंतु ते हृदयाला हितकर होतेच असे नाही. मासळीची जागा डाळीने घेतली की आणखी एका वाढप्या भाताने, यावर सर्व अवलंबून आहे.

आपल्या शास्त्राने हा भेद स्पष्ट केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील संतर्पणीय अध्यायात (अध्याय २३) संतर्पणजन्य व्याधींची जी कारणे दिली आहेत, त्यांत मांस व गोरस यांच्याबरोबर नवे धान्य, गुळाचे आणि पिठाचे पदार्थही आहेत. म्हणजे अन्न वनस्पतीपासून आले एवढ्याने ते अपतर्पण करणारे ठरत नाही. ज्या भागात कापणी-मळणी आटोपताच नव्या तांदळाचा भात घरोघरी शिजतो, तेथे हा मुद्दा अधिकच लक्षात ठेवला पाहिजे. एक वर्ष जुना तांदूळ लघु मानण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. शक्य तेथे उकडा तांदूळ वापरावा. पांढऱ्याशुभ्र, अतिपॉलिश केलेल्या तांदळाच्या तुलनेत त्यात ब-जीवनसत्त्वे अधिक टिकतात आणि त्याने रक्तशर्करा सामान्यतः कमी वेगाने वाढते.

आधुनिक अभ्यासही याच निष्कर्षाला येतो. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत वनस्पतिजन्य आहाराचे दोन भाग पाडले होते. अखंड धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे व सुका मेवा यांवर भर असलेल्या आहारात हृद्रोगाचा धोका सुमारे २५ टक्के कमी आढळला. मैदा, पॉलिश केलेले धान्य, गोड पेये व मिठाई यांवर आधारलेल्या आहारात तो सुमारे ३२ टक्के अधिक आढळला. दोन्ही आहार वनस्पतिजन्यच होते. ब्रिटनमधील ४८ हजारांहून अधिक लोकांच्या १८ वर्षांच्या पाठपुराव्यात (२०१९) शाकाहारी व्यक्तींत हृद्रोग २२ टक्के कमी दिसला, पण पक्षाघात २० टक्के अधिक दिसला. अशा पाहण्या कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. परंतु शाकाहार हे सरसकट अभयपत्र नव्हे, एवढे त्यांतून निश्चित समजते.

म्हणून पहिल्या भेटीतच मागील तीन दिवसांचे अन्न रुग्णाकडून व घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीकडून विचारून लिहून घ्यावे. तेलासाठी सोपा हिशेब असा : घरात महिन्याला किती तेल येते त्याला माणसांच्या संख्येने व दिवसांनी भागावे. चार माणसांच्या घरात आठवड्याला एक लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३६ मिलिलिटर पडते. हृद्रोग्यासाठी आम्ही २० ते २५ मिलिलिटरची मर्यादा सुचवितो. मिठाचाही असाच हिशेब करावा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आहाराने काय साधते : एका प्रयोगाचा बोध

आहार व जीवनक्रम बदलून रक्तवाहिन्यांतील अवरोध कमी होतो काय, याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांचा. १९९० साली त्याचे एक वर्षाचे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आले. ४८ रुग्ण होते. प्रयोगगटाला अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, चालण्याचा व्यायाम, धूम्रपानत्याग, योग-ध्यान व समूहाचा आधार असा संपूर्ण क्रम होता. आहारात साय काढलेले दूध-दही व अंड्याचा पांढरा भाग यांना मुभा होती, म्हणजे तो पूर्णतः वनस्पतिजन्य नव्हता.

निष्कर्षातील दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. छातीतील कळांची वारंवारता ९१ टक्क्यांनी घटली. रक्तवाहिनीची सरासरी अरुंदता मात्र ४०.० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आली. नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या गटात ती ४२.७ वरून ४६.१ झाली. पाच वर्षांनंतरच्या अहवालात (१९९८) प्रयोगगटात हृदयविषयक घटना २५, तर तुलनागटात ४५ नोंदल्या गेल्या.

यातून चिकित्सकाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. एक, आहार-विहाराचा परिणाम खरा आहे आणि तो उपेक्षणीय नाही. दोन, लक्षण आणि व्याधी एकाच गतीने चालत नाहीत. कळा जवळजवळ थांबल्या तेव्हाही अवरोध बहुतांशी तेथेच होता. हृदयविकाराचे कितीतरी झटके फार अरुंद नसलेल्या जागेवरील थर फाटून, त्यावर गुठळी जमून येतात. म्हणून 'दुखत नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा घेता येत नाही.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या माध्यमातून कार्य करणारे डॉ. अभय बंग यांनी स्वतःला झालेल्या हृद्रोगाविषयी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले आणि ते महाराष्ट्रभर वाचले गेले. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या, आदिवासी भागात साधेपणाने राहणाऱ्या वैद्यकालाही ऐन उमेदीत हा व्याधी गाठतो, आणि त्यानंतर जीवनक्रम जाणीवपूर्वक पालटावा लागतो, ही गोष्ट त्या पुस्तकाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. आमच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा भाग म्हणजे स्वतःच्या शरीराकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याची वृत्ती. तीच आपल्या रुग्णांत रुजविण्याचा हा प्रयत्न आहे.

नोंदवहीचे तीन रकाने

आम्ही सुचवीत असलेली नोंदवही साध्या दोनशे पानी वहीत ठेवता येते. प्रत्येक भेटीचे एक पान आणि पानावर तीन रकाने.

रकाना पहिला : रुग्ण सांगतो ते.
येथे लक्षणे लिहावीत, पण मोघम नव्हे. 'बरे आहे' असे न लिहिता, घरापासून बांधीपर्यंत न थांबता जाता आले काय, सायकलीवर चढ चढताना छातीत जडपणा आला काय, रात्री उशा वाढवाव्या लागतात काय, पायांवर सूज येते काय, असे विचारावे. रोवणीच्या दिवसांतील श्रम आणि उन्हाळ्यातील विश्रांती यांची तुलना करू नये. श्रमच कमी झाले म्हणून कळ थांबली असेल, तर तो आहाराचा गुण नव्हे. जिभेखाली ठेवावयाची गोळी महिन्यातून किती वेळा लागली, हा या रकान्यातील सर्वांत उपयुक्त आकडा होय.

रकाना दुसरा : आपण मोजतो ते.
यात वजन, पोटाचा घेर, रक्तदाब, नाडी आणि प्रयोगशाळेचे आकडे येतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. रक्तदाब रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, दोनदा घ्यावा. हृद्रोग्यात तो सामान्यतः १३०/८० च्या खाली असावा.

नाडीपरीक्षेचे येथे विशेष स्थान आहे. अवरोध किती आहे हे नाडीवरून ठरविता येत नाही. परंतु नाडी पूर्णतः अनियमित, कोणत्याही क्रमाशिवाय चालत असेल, तर ते एका गंभीर लयदोषाचे चिन्ह असू शकते. त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. पुष्कळदा हे प्रथम वैद्याच्या बोटांनाच कळते. अशा वेळी नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी आणि त्याच दिवशी ईसीजी करून घ्यावा.

रक्तातील स्निग्ध घटकांची तपासणी आहारारंभी, नंतर आहारात किंवा औषधात बदल केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी आणि पुढे किमान वर्षातून एकदा, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे अशा अतिजोखमीच्या रुग्णांत एलडीएल ५५ मिलिग्रॅमच्या खाली असावे. मधुमेह, उच्च रक्तदाब अशा अधिक जोखमीच्या रुग्णांत ते ७० च्या खाली असावे. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात १०० पर्यंतचा आकडा 'सामान्य' म्हणून छापलेला असतो. तो पाहून स्टेंट बसविलेल्या रुग्णाने निर्धास्त होऊ नये. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास सूत्राने काढलेले एलडीएल विश्वसनीय राहत नाही, हेही ध्यानात असावे.

रकाना तिसरा : हृद्रोगतज्ज्ञ पाहतात ते.
अँजिओग्राफीचा अहवाल, इकोमधील हृदयाची कार्यक्षमता, स्टेंट कोणत्या तारखेस व कोणत्या वाहिनीत बसविला, कोणती औषधे किती काळासाठी दिली, पुढील भेट केव्हा, या गोष्टी येथे उतरवून ठेवाव्यात. हा रकाना वैद्याने भरावयाचा नसून जपावयाचा आहे. पहिले दोन रकाने कितीही समाधानकारक असले, तरी तिसऱ्या रकान्यातील औषध थांबविण्याचा आधार ते होऊ शकत नाहीत. स्टेंट बसविल्यानंतर रक्त गोठू न देणारी औषधे ठरलेल्या मुदतीपूर्वी अचानक थांबविल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि ती प्राणघातक ठरू शकते.

एक काल्पनिक उदाहरण

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक रुग्ण घेऊ. वय ५४, धान उत्पादक शेतकरी, आठ महिन्यांपूर्वी स्टेंट. स्टॅटिनची गोळी अधूनमधून चुकते.

आहारारंभी : वजन ७१ किलो, रक्तदाब १४६/९०, एलडीएल ११८, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३४.

मांस, मासळी, दूध, तूप बंद करून तीन महिन्यांनी : वजन ६८, रक्तदाब १३८/८६, एलडीएल ८४, ट्रायग्लिसराइड २६८, एचडीएल ३१. रुग्ण म्हणतो, छातीत एकदाही दुखले नाही.

पहिला रकाना उत्तम. दुसऱ्यात एलडीएल उतरले, पण ट्रायग्लिसराइड चढले आणि एचडीएल घसरले. अन्नाची नोंद उघडून पाहता कळते की भात तीन वेळांचा झाला आहे, दुधाच्या चहाऐवजी दुप्पट साखरेचा काळा चहा आला आहे आणि 'फळ चांगले' म्हणून रोज उसाचा किंवा मोसंबीचा रस चालू आहे. आहार वनस्पतिजन्य झाला, पण संतर्पण थांबले नाही.

मग ताट बदलले. भात निम्मा, त्याऐवजी तूर, मूग, चवळी यांचे दाट वरण किंवा उसळ. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, वास्ते अशा परिचित भाज्या. जेवणात जवसाची चटणी. रस बंद, फळ चावून. रोज ४० मिनिटे चालणे. शिवाय गोळी न चुकविण्यासाठी घरातील मुलीने दिनदर्शिकेवर खूण करण्यास आरंभ केला.

आणखी तीन महिन्यांनी : वजन ६६, रक्तदाब १२८/८०, एलडीएल ५८, ट्रायग्लिसराइड १६२, एचडीएल ३६.

प्रगती लक्षणीय आहे, तरीही दोन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. एक, गोळी नियमित झाली आणि ताटही बदलले, तेव्हा संपूर्ण श्रेय आहाराला देता येणार नाही. नोंदवहीत दोन्ही बदलांच्या तारखा असाव्यात. दोन, ५८ हा आकडा अजून ५५ च्या खाली नाही. म्हणजे हा रुग्ण गोळी थांबविण्याच्या टप्प्यावर नाही. हाच कागद घेऊन त्याने हृद्रोगतज्ज्ञांकडे जावयाचे आहे.

धानपट्ट्यातील विशेष विचार

१. सिकलसेल : गोंदियासह पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. मधुमेहाचा मागोवा घेण्यासाठी केली जाणारी एचबीएवनसी तपासणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णांत या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. अशा रुग्णांत उपाशीपोटीची व जेवणानंतरची रक्तशर्करा पाहावी. तसेच त्यांच्या छातीतील वेदना फुफ्फुसाच्या आत्ययिक उपद्रवामुळेही असू शकते. तिला केवळ वातज शूल समजून घरी ठेवू नये.

२. जीवनसत्त्व ब-१२ : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले आणि ५८ टक्क्यांत रक्तातील होमोसिस्टीन वाढलेले आढळले. शाकाहारी व्यक्तींत ही न्यूनता अधिक होती. केवळ वनस्पतिजन्य अन्नात ब-१२ भरवशाच्या स्वरूपात मिळत नाही. समुद्रशेवाळ किंवा आंबविलेले पदार्थ यांवर विसंबू नये. मेटफॉर्मिन आणि आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत न्यूनता आणखी वाढते. ब-१२ देऊन होमोसिस्टीन उतरते, परंतु त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात असे मोठ्या प्रयोगांतून दिसले नाही. म्हणून ते हृद्रोगाचे औषध म्हणून नव्हे, तर पायांना मुंग्या, तोल जाणे, पांडू व स्मृतिमांद्य टाळण्यासाठी द्यावे. दूध वर्ज्य करणाऱ्याला पूरक ब-१२ आवश्यकच समजावे.

३. लाखोळी : ही डाळ आपल्या भागात परिचित व स्वस्त आहे. मिश्र आहारात मर्यादित प्रमाणात ती चालते. मात्र मांसाहार सोडल्यावर महिनोन्‌महिने तिलाच मुख्य अन्न करू नये. भिजवून व उकळून पाणी टाकून दिल्यास तिच्यातील विषारी अंश कमी होतो, पूर्ण नाहीसा होत नाही.

शास्त्रीय योग आणि आहार

आपल्या तालुक्याच्या नावातच अर्जुन आहे, आणि परिसरातील जंगलांत तो ऐनाच्या जोडीने उभा आहे. हृद्रोगात अर्जुनाची परंपरा चक्रदत्तादी ग्रंथांतून दृढ झाली. चरकोक्त हृद्य महाकषायात मात्र अर्जुन नाही. त्यात आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, बदर, दाडिम, मातुलुंग अशी बहुशः अम्लरसाची दहा द्रव्ये आहेत. फळांना हृदयाशी जोडणारी ही दृष्टी वनस्पतिजन्य आहाराच्या चर्चेत अवश्य सांगण्यासारखी आहे.

अर्जुनाचे पारंपरिक कल्प क्षीरपाक व घृत हे आहेत. केवळ वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याला ते चालत नाहीत. त्याला जलसिद्ध क्वाथ किंवा त्वक्‌चूर्ण द्यावे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात स्थिर हृत्शूल असलेल्या ५८ पुरुषांना अर्जुनाचे ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी एक आठवडा दिले असता कळा कमी झाल्या व श्रमक्षमता वाढली. परिणाम उत्साहवर्धक आहे. परंतु तो एका आठवड्याचा आणि पहिल्या रकान्यातील आहे, हे विसरू नये.

गुग्गुळाबाबत अधिक सावधपणा हवा. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे गुग्गुळावर संशोधन केले आणि त्यातून पुढील भारतीय कार्य उभे राहिले. मात्र २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात गुग्गुळसत्त्वाने एलडीएल उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. सत्त्व आणि शास्त्रोक्त शोधित गुग्गुळाचे योग एकच नव्हेत, हे मान्य केले तरी निष्कर्ष इतकाच : गुग्गुळ दिल्यावर एलडीएल पुन्हा मोजावे, गृहीत धरू नये. गुग्गुळसत्त्वामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, हेही १९९४ च्या भारतीय अभ्यासात दिसून आले आहे.

आहारबदल धोक्याचा ठरतो अशा जागा

अ) कृत्रिम झडप बसविलेले किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन, ॲसिट्रोम यांसारखी औषधे घेणारे रुग्ण : पालेभाज्या एकदम वाढविल्यास त्यांतील जीवनसत्त्व के मुळे औषधाचा प्रभाव घटतो आणि झडपेवर गुठळी होऊ शकते. पालेभाजी बंद करावयाची नसून तिचे प्रमाण रोज सारखे ठेवावयाचे आहे. आहार बदलण्यापूर्वी आणि बदलल्यावर लवकरच आयएनआर तपासावा.

आ) वृक्कविकार असलेले किंवा पोटॅशियम वाढविणारी रक्तदाबाची औषधे घेणारे रुग्ण : नारळपाणी, फळांचे रस, डाळींचे पाणी यांचा अतिरेक हृदयाची लय बिघडवू शकतो.

इ) मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारे रुग्ण : भात निम्मा केला आणि गोळी तीच राहिली, तर रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरते. ताट बदलण्याआधी औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

ई) यष्टीमधूचा दीर्घकाळ वापर रक्तदाब वाढवितो व पोटॅशियम घटवितो. लवणभास्कर व हिंग्वष्टक ही चूर्णे, पापड, लोणची यांतून नकळत मीठ जाते. हृद्रोग्याला देताना त्याचा हिशेब धरावा.

औषधालयाची भूमिका

मागोवा घेण्यात औषधालयाचा चालक हा वैद्याइतकाच महत्त्वाचा घटक आहे, कारण रुग्ण वैद्याकडे तीन महिन्यांनी जातो आणि औषधालयात दरमहा येतो. तीस गोळ्यांची पट्टी पन्नास दिवसांनी मागितली जात असेल, तर गोळ्या चुकत आहेत हे सर्वप्रथम तेथेच कळते. हृद्रोग्यांसाठी काउंटरवर एक छोटी वही ठेवून रुग्णाच्या अनुमतीने औषध नेल्याची तारीख लिहावी आणि खंड दिसताच सौम्यपणे विचारावे. 'हर्बल आहे, अपाय नाही' असे सांगून मूळ औषधाच्या जागी दुसरे काही देऊ नये. गुग्गुळ, यष्टीमधू किंवा लसणाचे सत्त्व मागणारा ग्राहक कोणती इतर औषधे घेतो, हे विचारूनच ते द्यावे. लसणाचे सत्त्व रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढवू शकते.

आत्ययिक अवस्था

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी वेदना, घाम, कासाविशी यांना कोणीही ओळखतो. परंतु स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेह्यांत केवळ दम, एकाएकी आलेला थकवा, मळमळ किंवा आमाशयाच्या जागी जळजळ एवढेच असू शकते. ही जळजळ अम्लपित्त समजून अविपत्तिकर चूर्ण देऊन पाठविली जाते, तेव्हा मौल्यवान तास हातचे जातात. गुठळी विरघळविणारे औषध झटक्यानंतर पहिल्या तीन तासांत सर्वाधिक उपयुक्त असते आणि बारा तासांनंतर त्याचा लाभ फारसा राहत नाही. आपल्या गावावरून महामार्ग जातो हे खरे, पण नागपूर शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. म्हणून संशय येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी करून घ्यावा आणि नोंदवहीतील तिसऱ्या रकान्याचे पान रुग्णासोबत द्यावे. पहिला ईसीजी प्राकृत आला तरी लक्षणे चालू असल्यास रुग्णाला परत पाठवू नये.

उपसंहार

वनस्पतिजन्य आहार नीट योजला तर हृद्रोग्याचा मोठा आधार होतो. तो आपल्या पथ्यविचाराशी सुसंगत आहे आणि धान, डाळी, जवस व रानभाज्या पिकविणाऱ्या या प्रदेशात महागही नाही. परंतु आहाराचा गुण मोजून सिद्ध व्हावा, सांगून नव्हे. लक्षण, मोजमाप आणि व्याधी यांचे रकाने वेगळे ठेवले, तर आहाराला त्याचे योग्य श्रेय मिळेल आणि औषधाला त्याची योग्य जागा. औषध कमी करावयाचे झाल्यास तो निर्णय ते सुरू करणाऱ्या तज्ज्ञांचा असेल. तो विचारपूर्वक घेता यावा इतकी पूर्ण नोंद पुरविणे हे आपले काम आहे.

संघटनेच्या सभासदांनी येत्या तिमाहीत किमान पाच हृद्रोगी रुग्णांची अशी नोंदवही सुरू करावी, त्यांच्या औषधालयाच्या चालकांना त्यात सहभागी करून घ्यावे आणि सहा महिन्यांनंतर रुग्णांची नावे वगळून ती पाने तालुका बैठकीत चर्चेसाठी आणावीत, अशी आमची विनंती आहे. ज्या पानांवर सुधारणा दिसत नाही, ती पाने अगत्याने आणावीत. अभ्यासाला त्यांचाच उपयोग अधिक होतो.